ओल कुणाची

३ जुलै
कपाट सरकवलं तर मागची भिंत काळी. बुरशी! स्वराचं स्वेटर, माझे दोन ड्रेस, सगळ्याला तोच कुबट वास. आणि मी महिनाभर तिलाच ओरडतेय — दप्तरात ओला रुमाल ठेवतेस म्हणून.

४ जुलै
ऑफिसला जाताना खाली घरमालकांना सांगितलं. उत्तमकाका एसटीतून रिटायर झालेले, बोलणं तुटक. म्हणाले, तुम्ही ओले कपडे घरात वाळत घालता, खिडक्या लावून जाता, ओल येणारच. मोखाड्यात पावसाळ्यात कपडे बाहेर कुठे वाळवायचे, ते नाही सांगितलं.

९ जुलै
स्वराचा खोकला जात नाही. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी छाती तपासली, घरात ओल आहे का विचारलं. खोली बदला म्हणाल्या. कुठे बदलू? जून लागला की इथल्या खोल्या शिक्षक आणि नर्स मंडळींनी भरलेल्या. मंगेशला फोन केला. तो बोईसरला कंपनीत, दर पंधरा दिवसांनी घरी येतो. म्हणाला, भांडू नकोस, आधी करार वाच.

१० जुलै
वाचला. किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने, मोठी मालकाने. ओल किरकोळ की मोठी, ते कुठेच नाही.

१३ जुलै, रविवार
काकांनी स्वतःच गवंडी बोलावला. गोरख, पोशेरा गावचा. बहुतेक माझी चूक दाखवायला. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीचे दोन तुकडे कापले. भिंत पुसून एक कपाटामागे लावला, दुसरा स्वराच्या पलंगाशी, बाहेरच्या भिंतीवर. चारी कडांना चिकटपट्टी.
"तुकड्याच्या मागनं पाणी धरलं तर भिंतीचं. वरनं धरलं तर घरातल्या वाफेचं. दोन दिवस हात नका लावू."

१५ जुलै
पलंगाकडच्या तुकड्यामागे थेंबच थेंब. कपाटामागचा मात्र मागून कोरडा, वरून ओला. म्हणजे ज्या भिंतीची मी तक्रार केली, तिथली ओल माझी. आणि जिच्याबद्दल बोललेच नव्हते, तिथली काकांची.
कपाटामागचा तुकडा काढून टाकावा, असं वाटून गेलं. कुणाला कळलं असतं?
नाही काढला. काकांना वर बोलावलं, दोन्ही दाखवले. म्हटलं, कपाटामागचं माझ्यामुळे झालंय, मी घरातली कपड्यांची दोरी काढते. ते पलंगाशीच उभे होते. भिंतीला तळहात लावून.
"पोरगी इथे झोपते?"
"हो."
ते खाली गेले.

१६ जुलै
कपाट वीतभर पुढे ओढलं. दोरी जिन्यात बांधली. भात शिजताना खिडकी उघडी.

२० जुलै, रविवार
गोरख परत आला. बाहेरचा गिलावा फुगलाय, सगळा काढून नवीन करावा लागेल. पण पावसात धरणार नाही, दिवाळीशिवाय हात लावता येत नाही. काका म्हणाले, काम माझं आहे, मी करून देतो. वाद मिटला. पलंग खोलीच्या मधोमध आणलाय, तरी स्वराचा खोकला आहेच. दिवाळीला तीन महिने!

२२ जुलै
शाळेला सुट्टी दिली पावसामुळे. काकांच्या बायकोने, शांताकाकूंनी, स्वराला दिवसभर खाली ठेवून घेतलं. त्यांच्या भिंतीला पडवीचा आडोसा आहे, पाऊस लागत नाही. संध्याकाळी आणायला गेले तर म्हणाल्या, अगं, दिवसभरात एकदाच खोकली.
काका ऐकत होते.

२४ जुलै
सकाळी काका-काकू वर आले. काकूंच्या काखेत गादीची वळकटी. मला काही कळेना. काका म्हणाले, "भिंत माझी आहे, तिच्याजवळ आम्ही राहतो. तुम्ही दिवाळीपर्यंत खाली जा."
मी नको नको म्हणत होते. काकूंनी तोवर माझी भांडी टोपलीत भरायला घेतली होती.
हे खालच्या घरात बसून लिहितेय.