पऱ्याचं पाणी

रविवार, १० नोव्हेंबर १९८५

आज बाबांना आणि माझ्या सुमीला घेऊन सड्यावरच्या तळ्यावर गेलो. सुमी आणि मी पोहलो, तिघांनी गवतात बसून भाकरी खाल्ली. दिवस चांगलाच गेला म्हणायचा. पण ते पाणी!

मी तळ्यातच ओंजळ घातली. बाबा मात्र काठ सोडून खाली वाहणाऱ्या पऱ्यावर गेले आणि तळ्यातून सांडून आलेलं पाणी प्यायले. त्यांच्या लहानपणी आमच्या माणसांना तेवढंच मोकळं होतं. बौद्ध होऊन इतकी वर्षं झाली, आज अडवायला तिथे कुणी नव्हतं. तरी पाय खालीच का वळले?

सुमीही त्यांच्याशेजारी ओणवी झाली.

"सुमे, वर ये! इथलं पाणी पी," मी ओरडलो.

"मग आजोबांना पण हाक मारा ना."

माझ्याने ती हाक मारवली नाही.