वस्तादांचं घट्ट रक्त

३ मार्च, सकाळ
सांगलीहून घरी आष्ट्याला आलो. डावा गुडघा नवा. डॉक्टरने महिनाभर रोज एक गोळी दिली आहे, रक्त पातळ ठेवायची. नाहीतर पोटरीत गाठ होते आणि छातीत चढते म्हणे. जन्मभर तालीम केली ती रक्त पातळ करायला? असली गोळी कारकुनाला द्या. खिडकीतून फेकली. चोवीस तारखेला जत्रेचं कुस्त्यांचं मैदान. पंच मीच. आखाड्यात स्वतःच्या पायांनी उतरणार. ठरलं.

५ मार्च
फिजिओथेरपीवाला आला. गुडघा वाकवला. मी कानाखाली दिली. हात आपोआप गेला. तो आता येणार नाही. बरं झालं, व्यायाम माझा मीच करीन. आज केला नाही, त्याने मूड घालवला.

८ मार्च
वॉकर भिंतीवर आपटून मोडला. पैलवानाला पिंजरा कशाला? बायकोने, मनुबाईने, विचारलं गोळी घेतली का. घेतली म्हणालो. रोज विचारते. रोज फेकतो.

११ मार्च
लालासाहेब आला. जुना वैरी. त्याचाही गुडघा त्याच दवाखान्यात, माझ्या आठवडाभर आधी. गोळी वेळेवर घेतो, हे मिरवून सांगतो. म्हणाला, हंबीर, तुला न्हाई जमलं तर पंच मी हुतो. तांब्या फेकून मारला. भुवई फुटली. दोन टॉवेल भिजले तरी रक्त थांबेना. शेवटी रिक्षात घालून टाके घालायला नेलं. काय हात आहे अजून! माझा जुना पठ्ठा आकाराम म्हणाला, वस्ताद, त्येस्नी ती गोळी चालू हाय, म्हणून थांबंना. जळतो मेला.

१४ मार्च
डावी पोटरी टम्म. ताकद भरते आहे. मनुबाई म्हणते, आवं, लाल झालीया, चटका बसतुया हाताला, दवाखान्यात चला. स्नायू तापल्याशिवाय तयार होत नाही, हे हिला कोण सांगणार? जास्त बोलली म्हणून ताट भिरकावलं. उपाशी झोपलो. तो डाएट.

१७ मार्च, दुपार
पाय टेकवत नाही. म्हणजे आखडला आहे. तालमीत अशा पायावर एकच इलाज, मर्दन. आकारामला तेल घेऊन बोलावलं. तो म्हणाला, पोटरी रगडू नगा असं डॉक्टरनं बजावलंय न्हवं? काठी उगारली तेव्हा बसला. मग त्याने गुडघा रोवून रगडलं, नव्या पठ्ठ्याला रगडतात तसं. मी किंचाळलो. पण आवाजात दम होता.

१७ मार्च, संध्याकाळ
छातीत कळ. श्वास पुरत नाही. बहुतेक भजी बाधली. मनुबाई गाडी बोलवायला धावली. उगीच घाबरते.

२५ मार्च
सांगली. आयसीयू. आज पेन धरता आलं. गाठ पोटरीतून सुटून फुप्फुसात गेली होती. डॉक्टर म्हणाले, वाचलात. रक्त पातळ करायच्या सुया आता पोटात टोचतात. नर्सवर हात उगारला. तिने तो धरून चादरीखाली ठेवला.

काल मैदान झालं. पंच लालासाहेब, खुर्चीत बसून, भुवईला पट्टी. गावात कुणीतरी उठवलं की हंबीरराव गेले. पहिल्या कुस्तीआधी सगळं मैदान दोन मिनिटं उभं राहिलं. लालासाहेब माइकवर ढसाढसा रडला. म्हणाला, ह्यो गडी लय मोठ्या मनाचा हुता, कुणावर कधी हात उचलला न्हाई. आकारामने तिथूनच मनुबाईला फोन केला. वस्ताद जित्तं हायती, सांगू का समद्यास्नी?

मनुबाई म्हणाली, आज नगं सांगू रं. पहिल्यांदाच लोक इतकं चांगलं बोलाय लागल्यात.

हे तिने मला आज सकाळी सफरचंद कापता कापता सांगितलं. लय वाईट वाटलं. पण ओरडायला दम पुरला नाही.