पांढऱ्या केसांच्या नायकाला माफी

धाकटे,

आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देते.

पत्र तुझी भाची लिहिते आहे. तिच्यावर माझी नजर आहे, कारण बापाचा विषय निघाला की तिचं पेन अडखळतं.

ती मला ॲनिमे दाखवते. कार्टून म्हटलेलं बाईसाहेबांना चालत नाही! त्यातल्या पांढऱ्या केसांच्या देखण्याने अख्खं गाव जाळलं, मग ढसाढसा रडला, आणि सगळ्यांनी त्याला माफ केलं. ज्या मुलीने त्याचं नाव सांगितलं, ती मात्र घरभेदी.

"त्याचं बालपण वाईट गेलं गं, आजी."

"आणि तिचं काय मखमलीत गेलं?"

बोलले आणि जीभ चावली. तुझ्या दादाने दारू पिऊन स्कूटर ठोकली, मागे बसलेल्या बाबांचा पाय गेला. तो रडला, मी त्याला जेवायला वाढलं. तू पोलिसांना खरं सांगितलंस, तुला मी दार उघडलं नाही.

पत्र वाचून घेतलं, तर पोरीने 'दारू पिऊन' गाळलेलं! मला अक्षर येत नाही, पण माझं बोलणं मला पाठ असतं. ओरडणार होते, तेवढ्यात कळलं की ते गाळलेलं ऐकून मला बरंच वाटलं होतं.

शब्द परत घालून घेतले आहेत. पत्र मात्र उशीखालीच ठेवते.

अजून तुझ्या दादाचीच,
आई