अर्धा इंच सैल

३ मार्च
घोट्यावरची जखम आज बरीच बरी. म्हणजे कालएवढीच आहे, पण वाढलेली नाही. नवी पँट लांब कापली, त्यामुळे दिसत नाही. धाकट्या भावाला सुगावा लागू द्यायचा नाही. शिवणकामाचं दुकान दोघांचं असलं तरी कापायचं टेबल माझं, आणि त्याचा डोळा त्यावरच. मी बसलो की तो तिथे उभा राहिलाच समजा.

५ मार्च
फितुरी. बायकोने धाकट्याला सांगितलं, त्याने दवाखान्यात नंबर लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिरांमधल्या झडपा निकामी झाल्यात, वर जायचं रक्त खाली साचतं, म्हणून जखम भरत नाही. जन्मभर उभं राहिल्याचं फळ. म्हणजे पायसुद्धा उलटले.

९ मार्च
लेझर झालं. गुडघ्याजवळ सुईएवढं भोक, त्यातून बारीक तार घालून खराब शीर आतून बंद केली. एकही टाका नाही. याला मी कारागिरी म्हणत नाही. पण चालत घरी आलो. आता जखम भरेपर्यंत घट्ट मोजा, आणि बसलं की पाय वर. उद्यापासून दुकान. टेबल सोडायचं नाही.

१० मार्च
दुकान नाही. ही दारात उभी होती.

१४ मार्च
मोजा भलताच आवळतो. करणाऱ्याला माप घेता येत नाही. दुपारी ही झोपली तेवढ्यात दुकानात डोकावलो. एक गिऱ्हाईक कोट घट्ट होतो म्हणून कुरकुरत होतं. त्याला माझं नेहमीचं ऐकवलं: घट्ट वाटतं तेच खरं माप, चार दिवसांत अंगवळणी पडतं. पैसे देऊन गेलं. टेबलावर धाकटा कापत होता. कापड सरळ कापत होता, पण मन साफ दिसेना.

१५ मार्च
मोजा उभा चिरला, त्याच रंगाची अर्ध्या इंचाची पट्टी घातली. अशी सफाई की शिवण कुणाला सापडायची नाही. काय सुख! एवढं साधं डॉक्टरांना कसं सुचत नाही?

२२ मार्च
पाय सुजला. जखम पुन्हा ओली. लेझर फसवं निघालं. भरवशाच्या म्हशीला टोणगा.

२४ मार्च
बाईंनी सोनोग्राफी केली. शीर बंदच आहे, मग सूज कशाने, म्हणून त्या बुचकळ्यात. मीही बुचकळ्यात पडल्यासारखं केलं. धाकट्याने मोजा उचलला, नखाने शिवण चाचपली.
"हा हात दादाचा."
हात ओळखायला मीच शिकवलं होतं त्याला. पोटच्या पोरासारखं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, घट्ट वाटतं तेच खरं माप. हे वाक्य माझं. यांच्यापर्यंत कुणी पोचवलं? ही खिडकीबाहेर बघत होती.

२५ मार्च
नवा मोजा. पहिल्याहून घट्ट. धाकट्याने टेबलापाशी उंच स्टूल करून घेतलंय म्हणे, माझ्यासाठी. जखम भरली की बसून कापायचं. शेवटी बसवलंच मला.
फक्त पाव इंच उसवावं म्हटलं, तर घरात एक कात्री नाही. हिला विचारलं. म्हणाली, सगळ्या भावजी घेऊन गेले, ब्लेडसुद्धा. शिंप्याच्या घरात उरलं काय, तर नेलकटर.
नखं कापली आणि पाय उशीवर ठेवून पडलो.