विमान एकीकडून, व्हिसा दुसरीकडून

३ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचंच विसरलो. मुकादम हाका मारत होता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लग्न, तेही चष्मेवाल्याशी! तू पोहायला शिकवतेस, तो डोळे तपासतो. एकूण, नीट बघूनच उडी घेतलीस म्हणायची.

आईचा व्हिसा आला, पण ती एकटी विमानात बसणार नाही म्हणते. तेव्हा मी आधी घरी जाऊन तिला घेऊन तुझ्याकडे येईन. माझा व्हिसा मात्र इथूनच, नोकरीच्या देशातूनच काढावा लागेल. रजा तुटपुंजी, घरी जाऊन वाट बघत बसणं जमायचं नाही. एजंट म्हणतो, विमान जिथून धराल तिथूनच अर्ज करा. मला काही पटत नाही. उद्या स्वतःच वकिलातीच्या खिडकीवर जाऊन विचारतो.

लोभ आहेच, चष्मेवाल्यांना वाटताना माझा वाटा राखून ठेव.

तुझा बोका

११ जानेवारी

चि. बोक्यास अनेक आशीर्वाद.

टिंगल पुरे. वीस मार्चला नोंदणी कचेरीत सह्या आहेत, आणि साक्षीदार म्हणून तुझं नाव मी देऊनही टाकलंय. त्यामुळे ‘बघू, जमवू’ चालणार नाही. हे तर रोज विचारतात की मेहुणेबुवा खरंच आहेत का, की मी रचून सांगते. खिडकीवर काय म्हणाले ते लगेच कळव. माझा जीव टांगणीला लागलाय.

जेवणाची आबाळ करू नकोस.

ताई

६ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

एजंटाला काही कळत नव्हतं. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, तुम्ही राहता नि कमावता इथे, राहण्याचा परवानाही इथला, म्हणजे अर्ज इथेच. विमान कुठून धरता तो तुमचा प्रश्न. मी इतका खूश झालो की त्यांनाही लग्नाचं सांगून टाकलं.

पण घोडं दुसरीकडेच अडलं. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतलाय आणि निकाल कधी लागेल ते सांगत नाहीत. पासपोर्टाशिवाय मी घरी तरी कसा जाऊ? आईला फोन करून सगळं सांगितलं. ती नुसतं ‘बरं’ म्हणाली. मला काही सुधरत नाही.

तुझा बोका

१ मार्च

चि. बोक्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मी ताईकडे सुखरूप पोहोचले. तुझा पासपोर्ट अडकला म्हणून मी कशाला अडकू? तुला सांगितलं असतं तर घोर लावून घेतला असतास. विमानात शेजारच्या बाईंनी पट्टा लावून दिला; पुढे त्यांचं बाळ माझ्याच मांडीवर झोपलं. उतरल्यावर साहेबाने विचारलं, कशाला आलात. म्हटलं, मुलीच्या लग्नाला. तिचं वय त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

ताई मला बघून आधी हसली, मग गळ्यात पडून खूप रडली. जावई शांत आहेत. आपल्या घरात एक तरी हवा होता.

आता मला आणायचं ओझं गेलं. तू थेट ये.

आई

९ मार्च

ती. आईस, सा. न. वि. वि.

व्हिसा मिळाला! बाईंनी पासपोर्ट देताना ताईला शुभेच्छाही सांगितल्यात. येत्या रविवारी दुपारी उतरतो, थेट इथूनच.

कुणी घ्यायला येऊ नका, असं लिहायला बसलो होतो. पण आई, तू ये. मला तुला तिथे उभी असलेली बघायचंय.

तुझा बोका