आदेमारचा निळा कोट

क्रातो, १२ ऑगस्ट

लाडक्या जुसारास,

आजीचा आशीर्वाद आणि दोन्ही गालांचे मुके. गुडघे कुरकुरतात, बाकी शेळ्या आणि मी ठीक. तिकडे दक्षिणेत साओ पावलोत थंडी पडलीय म्हणे, स्वेटर घालतेस ना?

अगं, लोकांचे फोटो रंगवून द्यायच्या आपल्या धंद्यासाठी कम्प्युटर आला! तू फोनवर सांगितलंस तशी मेमरी भरपूर घेतली. पडदा मात्र मी माझ्या पद्धतीनं निवडला. तुझ्या आजोबांनी रंगवलेलं आमच्या लग्नाचं चित्र काखेत मारून दुकानात गेले. त्याचाच फोटो एकेका पडद्यावर लावायला लावला आणि चित्र शेजारी धरलं. एकावर माझे गाल कच्च्या पपईसारखे, दुसऱ्यावर आजोबांना कावीळ! दुकानदार गिल्दो वैतागला, "आजी, पडदा घेताय की जावई?" मी म्हटलं, "जावयाचा रंग कोण बघतंय? इथे रंग चुकला तर गिऱ्हाईक रडतं."

प्रोग्रॅम तू म्हणालीस तो फुकटचाच घेतला. महागड्यात बटणंच बटणं. मला हवा ब्रश, कात्री आणि ते एकावर एक थर. काय गंमत गं! माणूस एका थरावर, कोट दुसऱ्यावर. हात थरथरला तरी मागे जाता येतं. हो, थरथरतो हल्ली. खरा ब्रश सोडून दोन पावसाळे झाले, सांगायचं राहिलं.

सरावाला घरचंच काम घेतलं. तुझ्या बापाचा जुना ओळखपत्राचा फोटो होता. आदेमारला निळा कोट चढवला, टाय बांधला, आणि एका फोटोतले आजोबा नि मी बाजूला सरकवून मधोमध उभा केला. भांडून साओ पावलोला गेल्यापासून बाप-लेक असे कधी उभे राहिले नव्हते. बापाला माती द्यायलाही तो आला नाही. असो. गिल्दोकडून छापून आणून भिंतीला लावलं.

शेजारची सेवेरिना साखर मागायला आली, चित्र पाहिलं आणि साखर न घेताच पळाली. थोड्या वेळानं अख्खी गल्ली दारात! कॉफी, मक्याचा केक, जपमाळा. सेवेरिना गळ्यात पडून रडतेय, "बाई गं, कधी गेला? कळवायचं तरी!"

"कोण गेला?"

"तुझा आदेमार!"

बघ, मीच विसरले. जन्मभर गिऱ्हाइकांच्या फोटोंत आम्ही नवरा-बायकोनं असा कोट चढवून घरच्यांच्या मधे कुणाला उभं केलं? मेलेल्यांनाच. जिवंत माणूस आपल्या पायांनी येऊन उभा राहतो.

मी ओरडले, "जिवंत आहे गं! नुसता येत नाही!"

जपमाळा खिशात गेल्या. मग सेवेरिना नाक पुसत म्हणाली, "म्हणजे केक परत न्यायचा?"

नेऊ देते होय! कापला. हसून हसून पोट दुखलं. पण सगळे गेल्यावर मला चित्राकडे बघवेना.

म्हणून त्याचा थर काढला आणि पुन्हा छापून आणलं. आता भिंतीवर आजोबा आणि मी, मधे मोकळी जागा. कोट कम्प्युटरात तसाच ठेवलाय.

हे पत्र बापाला दाखवू नकोस. नाही, दाखवच. म्हणावं, बाह्या अंदाजानं रंगवल्यात. तुझे हात आता केवढे झालेत ते आईला ठाऊक नाही, मापाला यावंच लागेल.

जागा धरून उभी असलेली,
तुझी आजी
रायमुंदा