पुट्टीतला अंगठा

७ सप्टेंबर, रविवार

पोपट म्हणाला, "बाबा, मला फादर व्हायचंय."

जेवताना. मध्येच. पाणी मागावं तसं!

त्याच्या आईच्या हातून डाव पडला. "तू?" ही म्हणाली. "तू तर झोपेतही बोलतोस. तिथं मौन पाळतात, ठाऊक आहे का?"

ठाऊक आहे म्हणे. आधी आठवडाभर मौनात राहून बघायचं असतं— देव खरंच बोलावतोय, की आपलं आपल्यालाच वाटतंय. मग पुढचं. त्याच्यासारखी आणखीही मुलं येणार आहेत. पुढच्या सोमवारी.

"पोपट आठवडाभर गप्प?" ही म्हणाली. "त्याच्याआधी देवच कंटाळून बोलेल." हसली. मग उठून आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

मी नुसतं "बरं" म्हणालो.

आज सकाळीच चर्चमध्ये, रविवारच्या मिस्सेत मी नेहमीसारखं मागितलं होतं— देवा, तुझ्या कामाला तरुण मुलं दे. दर रविवारी मागतो. मोठ्यानं. हळू मला मागताच येत नाही. गावच्या शाळेत चार वर्ग एका खोलीत; ज्याचा आवाज चढा, त्याचं पाठांतर गुरुजींना खरं वाटायचं. ती सवय अंगात मुरलीय. मुलं दे म्हणजे दुसऱ्यांची दे, असं मी कधी म्हटलं नव्हतं. पण मनात तेच होतं की!

एकुलता एक आहे. काचेच्या दुकानात माझ्यानंतर तोच.

९ सप्टेंबर

दुकानात आम्ही दोघंच. तो काच कापायचा हिरा ओढतो आणि तोंडाची टकळी चालूच. गिऱ्हाइकाची टोपी, शेजारच्या न्हाव्याची मांजर, काय वाटेल ते. त्या गोष्टीबद्दल मात्र अवाक्षर नाही.

मीही विचारत नाही. विचारलं तर सांगेल, आणि मग ते खरं होईल.

१२ सप्टेंबर

फोन आला तो नेमका फादर लोकांच्या त्याच घरून, जिथं पोपट आठवडाभर मौनाला जाणार आहे! परवाच्या वाऱ्यात खिडक्या आपटून तावदानं फुटली. मुलं सोमवारी येतायत, तुम्ही याल का, असं मुख्य फादर विचारत होते. एकच अट. मुलांशी बोलायचं नाही. आपल्या मुलाशीही नाही.

हिला सांगितलं. "बघा!" म्हणाली, "मला तिथं शिरकाव नाही, म्हणून देवानं काचाच फोडल्या. जा. नीट जेवतो का बघा."

१५ सप्टेंबर

पहिला दिवस. एवढी माणसं असून इतकं शांत घर मी पाहिलं नव्हतं. चमचा ताटाला लागला तरी सगळे दचकतात.

वरच्या मजल्यावर ज्या काचा वाचल्यात त्या फार जुन्या. जुन्या काचेत लाटा असतात. तिथून बाग पाण्याखाली असल्यासारखी दिसते. मुलं एकएकटी फिरत होती. एका लाटेत शिरली की उंच व्हायची, कमरेत वाकायची, आणि दुसऱ्या लाटेतून अगदी बारीक होऊन निघायची. सगळी सारखीच. त्यातला माझा चालीवरून ओळखला. हातात पुट्टीचा गोळा होता, तो मळतच राहिलो.

स्वयंपाकी मागे येऊन कुजबुजला, "मिस्त्री, कणीक मळताय की खिडकी बसवताय?"

दुपारी जिन्यात पोपट समोरून आला. ओठ गच्च आवळलेले. मी हत्यारांच्या पेटीत काहीतरी शोधायला लागलो. काहीच हरवलं नव्हतं.

१७ सप्टेंबर

बारीक झालाय. हिला सांगितलं, अंगानं भरलाय.

१८ सप्टेंबर

कोपऱ्यातल्या खिडकीला काल पुट्टी भरली. आज बघतो तर खालच्या कडेला अंगठा उमटलेला. मधोमध आडवी चीर! पोपट शाळेत असताना काचेनं कापला होता, तोच.

लहानपणी हाच त्याचा उद्योग. मी पुट्टी साफसूफ करून वळलो की हा अंगठा दाबणार. मी ओरडायचो, "पोपट, हात काढ!" आणि हा हसत धूम पळायचा. किती लोकांच्या खिडक्यांवर!

सुरी काढली. एक हात फिरवला असता की सपाट. पण फिरवेना. गेलाच तर एवढं तरी राहील. वाळली की पुट्टी दगडासारखी होते. रंगाऱ्याला सांगेन, इथं ब्रश हलका मार बाबा.

सुरी खिशात घातली तेव्हा मागे जिन्यावर पावलं वाजली. वळलो तर कुणी नाही.

१९ सप्टेंबर

स्वप्न. मोठी काच घेऊन चाललोय. मी पुढे, मागचं टोक पोपटकडे. काच इतकी स्वच्छ की दिसतच नाही. लोक थांबून बघतायत, हे दोघं हवाच उचलून नेतायत की काय! मध्येच पोपटची बडबड थांबली. त्यानं हात काढला असावा. काच जड व्हायला हवी होती, ती हलकी झाली. मागे बघायचा धीर होईना. चालत राहिलो. पडली नाही.

जाग आली तेव्हा हात तसेच धरलेले.

२० सप्टेंबर

शेवटचं तावदान बसवत होतो. मुख्य फादर शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "ठरवायचं मुलानंच. पण आम्ही आईवडलांनाही विचारतो. तुमची खुशी आहे ना?"

मी काच चौकटीत टेकवली. त्यांनी वाकून पाहिलं. "एवढी सैल?"

"सैल नाही फादर. जागा सोडलीय. घट्ट बसवली तर उन्हात तडकते."

बोललो आणि पुढचं काय करायचं तेच आठवेना. काचेकडेच बघत म्हणालो, "आहे. खुशी आहे."

मग रिकाम्या चॅपलमध्ये जाऊन बसलो. घे, म्हणालो. मोठ्यानं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात. उन्हाचा चौकोन फरशीवरून सरकत माझ्या पायापर्यंत आला तरी उठवेना. रडू येईल वाटलं होतं. आलं नाही. फार हलकं वाटत होतं, स्वप्नातल्या त्या काचेसारखं.

घरी हिला सांगितलं. "मला विचारलंत?" एवढंच म्हणाली. जेवली नाही. मग कपाट उघडून पोपटच्या शर्टांची निखळलेली बटणं लावत बसली.

२२ सप्टेंबर

पोपट आला. नाही जायचं म्हणाला!

पिशवी न सोडताच बोलायला लागला. आठवड्याचं साठलेलं सगळं. "चौथ्या दिवशीच वाटलं, हे माझं नाही. म्हणून अंगठा दाबला. म्हटलं बाबा ओरडतील, 'पोपट, हात काढ!' ओरडले की सगळं सांगून टाकू आणि घरी जाऊ. तुम्ही तर सुरी खिशात घातलीत! मी जिन्यातून बघत होतो. म्हटलं, संपलं. बाबांनी आपल्याला देऊन टाकलं."

"मग गेलास कशाला मुळात?"

"तुम्हीच मागत होता ना! दर रविवारी, एवढ्या मोठ्यानं! लहानपणापासून तुमच्या शेजारी बसून ऐकतोय. मला वाटायचं, माझ्याकडे बघूनच मागताय."

ही हसत सुटली. हसता हसता डोळे पुसले आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "दोन्ही वेडे माझ्याच वाट्याला यायचे होते!"

मीही हसलो. इतके दिवस हेच तर हवं होतं. मग संध्याकाळभर असं का वाटत राहिलं, की दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्या घरी आलीय?

५ ऑक्टोबर, रविवार

मिस्सेत ती प्रार्थना आली. ओठ मिटून म्हटली. हिनं कोपरानं ढोसलं, "बरं नाही का?"

यापुढे अशीच म्हणणार. पोराच्या कानावर माझं ओझं नको.

१९ नोव्हेंबर

दुकानात काच कापता कापता पोपट एकदम गप्प झाला. इतका वेळ की मी मान वर केली.

"बाबा, आता तुम्ही मोठ्यानं मागत नाही ना?"

"नाही रे. दीड महिना झाला."

"तेच म्हणतोय. तरी ऐकू येतंय."